आकडा नसेल, तर काम बरे झाले हे ठरवायचे कुणी?

कोरीव

हौसेने चित्र काढणारी, लिहिणारी, गाणारी माणसे पूर्वी होती आणि आजही आहेत. डिजिटल काळाने त्यांची हौस मारली, अशी तक्रार घेऊन मी आलेली नाही. साधने इतकी सहज हाताशी यापूर्वी कधी नव्हती, हे उघडच आहे. माझा मुद्दा त्याहून लहान आहे. केलेले काम बरे उतरले की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी आपण नकळत आकड्यांवर सोपवून मोकळे झालो आहोत, आणि त्यामुळे केवळ करण्याच्या आनंदासाठी काही करायला बसले, की वेळेच्या किंवा स्फूर्तीच्या आधी पारखेची अडचण उभी राहते.

ही सोय फार जुनी नाही. फेसबुकवर लाइकचे बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आले. यूट्यूबने २०१२ मध्ये, व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला अधिक वजन द्यायला सुरुवात केली. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये काळाच्या क्रमाने चित्रे दाखवणे सोडून स्वतःच्या गणिताने क्रम लावायला घेतला. त्या त्या कंपनीच्या दृष्टीने हे व्यवहाराचे निर्णय होते. त्यांचा परिणाम मात्र थेट काम करणाऱ्याच्या हातापर्यंत येऊन पोहोचतो. कसा, ते माझ्याच कामावरून सांगते.

मी लिनोकट करते. लिनोलियमच्या, म्हणजे फरशीवर अंथरतात त्या मऊसर चादरीच्या, तुकड्यावर चित्र उलटे उतरवायचे, जे पांढरे राहायला हवे ते कोरणीने काढून टाकायचे, उरलेल्या उंचवट्यावर रोलरने शाई फिरवायची, त्यावर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचा आणि शेवटी एक कोपरा धरून कागद उचलायचा, की ठसा तयार, असा त्याचा क्रम असतो. शाईचा थर योग्य झाला आहे की नाही हे डोळ्यांच्या आधी कानाला कळते. रोलरखाली बारीक, एकसारखी चरचर ऐकू येऊ लागली की थांबावे. आवाज ओला आणि चिकट येत असेल, तर शाई जास्त झालेली असते आणि बारीक रेषा बुजणार हे नक्की.

या सगळ्या कामातला एकच क्षण व्हिडिओत लोकांना मनापासून आवडतो, तो म्हणजे कागद उचलण्याचा. मी असे व्हिडिओ टाकू लागल्यानंतरचे माझे ठसे ओळीने मांडून पाहिले, तर त्यांत काळे भाग मोठे होत गेलेले दिसतात, कारण कागदाखालून भरीव काळा रंग उघडा पडताना झकास दिसतो. बारीक रेघांनी विणलेली चित्रे हळूहळू नाहीशी झाली, कारण मोबाइलच्या पडद्यावर ती नुसती करडी दिसतात. कोरताना मनगट कॅमेऱ्याच्या आड येऊ नये म्हणून तुकडा वळवण्याची माझी पद्धतसुद्धा बदलली आणि त्याबरोबर रेषांची वळणेही बदलली. यातले काहीही मला कुणी सुचवले नव्हते. कशाला किती प्रतिसाद येतो हे पाहता पाहता हात आपोआप तिकडे वळला.

पुढे मी दाखवणे थांबवले. मोकळे वाटेल असा अंदाज होता आणि काही अंशी तसे वाटलेही, पण वाळत घातलेल्या ठशासमोर उभे राहिल्यावर तो चांगला आहे की नुसता नीटनेटका आहे, हे मला सांगता येईना. म्हणून हा प्रश्न येथे ठेवते आहे. ज्यांनी आपले काम फक्त स्वतःसाठी ठेवले आहे, त्यांनी पारखेची व्यवस्था कशी लावली?

सरळरेघ

मी पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रे काढून पोट भरतो, त्यामुळे माझे मत थोडे कडू वाटेल. स्वतःसाठी कला करण्याविषयी जे भारावून बोलले जाते, त्यात पुष्कळदा ज्याची पोटापाण्याची सोय दुसरीकडे झालेली आहे अशा माणसाचा निर्धास्तपणा असतो. माझ्यासाठी आकडा म्हणजे पुढचे काम मिळण्याची शक्यता. यूट्यूबने २०१८ मध्ये जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाण्याची अट घातली, तेव्हा लहान प्रमाणावर काम करणाऱ्या अनेकांच्या दृष्टीने तो कमाईचा प्रश्न होता. तिथे पारखेची चिंता करायला सवड कोणाला होती?

दुसरे असे, की बाहेरून आलेली मागणी कामाला भ्रष्टच करते, हे मला मान्य नाही. मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलचे छत १५०८ ते १५१२ या काळात रंगवले ते पोपच्या आज्ञेवरून, आणि त्या वेळी तो स्वतःला मुख्यतः शिल्पकार समजत होता. मागणी नसती, तर ते छत त्याने रंगवलेच नसते. मला वेळेची मुदत आणि संपादकाची कटकट नसेल, तर माझी निम्मी चित्रे कच्च्या रेघांच्या पुढे जाणार नाहीत.

तळटीप

सरळरेघ यांच्या दुसऱ्या मुद्द्याला परंपरेचा आधार आहे. अकराव्या शतकात मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याची प्रयोजने सांगितली, तेव्हा यादीत पहिल्या स्थानावर यश, म्हणजे कीर्ती, आणि दुसऱ्या स्थानावर अर्थ, म्हणजे धनप्राप्ती, ठेवली. रसास्वादातून तत्काळ मिळणारा परम आनंद त्यांच्यानंतर येतो. कीर्ती आणि पैसा यांची इच्छा त्याला लपवण्यासारखी वाटली नव्हती. मराठीत फडके आणि खांडेकर यांच्या नावाने ओळखला जाणारा 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद आपण अजून उगाळतो, पण त्या वादात दोन्ही बाजूंना वाचक हवाच होता, आणि दोघांनाही तो भरपूर मिळालाही. कोरीव यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला एका जुन्या प्रयोगाची जोड देता येईल.

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, मुळातच चित्र काढण्याची आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले, की चित्र काढले तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेने पुन्हा ठेवली, पण बक्षिसाचा विषय काढला नाही. तेव्हा पहिल्या गटातली मुले बाकीच्या दोन गटांच्या साधारण निम्माच वेळ चित्र काढण्यात रमली.

हा प्रयोग सांगताना लोक बहुधा पहिल्याच गटाविषयी बोलतात. मला दुसरा गट जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या मुलांनाही तेच बक्षीस मिळाले, पण त्यांची गोडी उणावली नाही, कारण चित्र काढताना बक्षीस त्यांच्या डोक्यात नव्हते. म्हणजे दाद मिळणे घातक नाही. हात चालू असताना तिची वाट पाहणे घातक आहे. कोरीव यांच्या ठशांतला बदल मला नेमका असाच वाटतो, कारण व्हिडिओ पाहिला जाण्याआधीच, कोरणी हातात असतानाच, त्यांच्या मनात कागद उचलण्याचा क्षण येऊन बसलेला होता. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये लाइकचे आकडे लपवण्याची मुभा सर्वांना दिली, तिचा उपयोग मर्यादित राहतो तोही यामुळेच. आकडा इतरांपासून लपतो. स्वतःचा आकडा पाहायचा असेल, तर तो करणाऱ्याला पाहता येतोच.

जुनीवही

स्वतःसाठी लिहिणाऱ्यांचा विषय निघाला, की एमिली डिकिन्सनचे नाव येतेच, म्हणून मीच ते आधी घेतो. तिने सुमारे अठराशे कविता लिहिल्या आणि तिच्या हयातीत त्यांतल्या जेमतेम दहा छापल्या गेल्या. १८८६ मध्ये ती गेल्यावर बहिणीला कवितांचा साठा सापडला आणि पहिला संग्रह १८९० मध्ये निघाला. येथवरची गोष्ट सर्वांना पाठ असते. मात्र तिने वाचक अजिबात नाकारला होता, असे म्हणणे बरोबर नाही. पत्रांतून ती कविता पाठवत असे. एकट्या भावजयीला तिने अडीचशेच्या आसपास कविता पाठवल्या. १८६२ मध्ये तर तिने थॉमस हिगिन्सन या अनोळखी समीक्षकाला चार कविता पाठवून, त्या जिवंत आहेत का, असे विचारले. त्याने सुधारणा सुचवल्या. तिने पत्रव्यवहार आयुष्यभर चालू ठेवला आणि कविता मात्र आपल्याच वळणाच्या ठेवल्या.

तिच्या हस्तलिखितांतली एक गोष्ट मला कोरीव यांच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळची वाटते. तिने कविता सुवाच्य उतरवून, कागद दोऱ्याने शिवून चाळीस लहान वह्या केल्या होत्या, म्हणजे काम हेळसांडीचे नव्हते. तरीही त्यांत कित्येक ठिकाणी एखाद्या शब्दावर अधिकच्या चिन्हासारखी बारीक खूण असते आणि खाली त्या जागी चालतील असे दुसरे शब्द लिहून ठेवलेले असतात. कविता स्वच्छ उतरवून झाली, वहीत शिवली गेली, आणि तरीही शब्दाचा निर्णय उघडा राहिला! छापायचे असते, तर एक शब्द ठेवून बाकीचे काढून टाकावे लागले असते. आज आपण एखादी गोष्ट लोकांपुढे ठेवतो, तेव्हा ती त्या क्षणी पक्की करतो. त्यानंतर आलेल्या प्रतिसादाने तिच्यावर शिक्कामोर्तब होते आणि मग तिच्यात हात घालावासा वाटत नाही. न दाखवलेल्या कामाचा खरा लाभ, माझ्या मते, एकान्तापेक्षा या लांबणाऱ्या निर्णयात आहे. मी माझ्या कवितांच्या वहीत डावे पान मुद्दाम कोरे ठेवतो, ते याच कारणासाठी.

एक शंकाही नोंदवतो. अज्ञात राहून काम केलेल्यांची जी उदाहरणे आपण देतो, ती सगळी शेवटी प्रसिद्ध झालेल्यांचीच असतात. शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायरने लाखाहून अधिक छायाचित्रे घेतली. त्यांतले कितीतरी रोल तिने धुऊनही घेतले नव्हते. २००७ मध्ये सामान ठेवलेल्या जागेचे भाडे थकल्यामुळे तिच्या सामानाचा लिलाव झाला, म्हणून ती आपल्याला माहीत झाली. तिचे मोठेपण आपण मान्य केले ते जगाने पाहिल्यावर. ज्याचे काम कधीच कोणी पाहिले नाही, त्याच्या बाजूने बोलायला आपल्याकडे उदाहरण असूच शकत नाही, आणि हे लक्षात ठेवून या विषयावर जरा बेताने बोलावे.

कोरीव

तळटीप यांनी दुसऱ्या गटाकडे लक्ष वेधले, त्यामुळे माझा विचार बराच स्वच्छ झाला. दाखवावे की दाखवू नये, या वादात मी उगाच अडकले होते. दाखवण्याचा विचार कोणत्या टप्प्यावर आत येतो, हे बघायला हवे. कोरून झाले, ठसा वाळला, काही काळ गेला, आणि मग एखाद्या जाणत्या माणसापुढे तो ठेवला, तर कोरणीच्या दिशेवर त्याचा काही परिणाम होण्याची भीती उरत नाही.

सरळरेघ यांच्या पोपबद्दलच्या उदाहरणाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. पोप, संपादक किंवा मासिक यांच्याशी भांडता येते. त्यांची आवड काय, अज्ञान कुठे, हट्ट कशासाठी, हे कळते आणि त्याला उत्तर देता येते. आकड्याला कारण विचारता येत नाही. एका चित्राला भरभरून प्रतिसाद आला आणि दुसऱ्याला आला नाही, तर फरक चित्रात होता, वेळेत होता की त्या दिवशीच्या क्रमवारीत होता, हे तो कधीच सांगत नाही, आणि आपण मात्र त्यातून धडा घेऊन मोकळे होतो.

मंद्रसप्तक

मी मैफली करत नाही आणि करण्याचा विचारही नाही. गातो ते रोजच्या रियाजापुरते. पारखेच्या प्रश्नावर माझ्याकडे जे उत्तर आहे ते डिजिटल साधनामुळेच मिळालेले आहे, म्हणून ते येथे सांगणे मला आवश्यक वाटते, नाहीतर सगळा दोष यंत्राच्या माथी जाईल.

मी रियाजाचे ध्वनिमुद्रण करतो आणि ते त्याच दिवशी ऐकत नाही. त्याच दिवशी ऐकले, तर गाताना मनात जे होते तेच कानाला ऐकू येते. स्वर जिथे पोहोचलाच नाही, तिथेही तो पोहोचल्यासारखा वाटतो. आठवडा गेला, की मनातला बेत पुसट होतो आणि गळ्यातून प्रत्यक्ष काय निघाले ते परक्याचे असावे तसे ऐकता येते. अवरोहात गंधारावरून षड्जावर येताना माझा षड्ज किंचित खाली लागतो, विशेषतः श्वास संपत आलेला असताना. गुरुजींनी ते मला कितीदा सांगितले होते, पण मला ते पटले या मुद्रणांमुळे. तेव्हापासून मी ती जागा श्वास पुरेल अशा बेताने तोडून घेतो. ही फाइल कुणालाही पाठवलेली नाही, तिला कोणी ऐकलेले नाही, आणि तरीही तिने जे केले ते आरशासमोर उभे राहण्यापेक्षा जास्त कठोर होते.

म्हणून स्वतःसाठी काम करणे म्हणजे सैलपणा, हा समज मला खोटा वाटतो. श्रोता समोर असला की तो उदार असतो. सुरेख जागा आली की मागची चूक विसरतो. मुद्रण ऐकताना असे माफ करायला कोणी नसते. कोरीव, तुम्हालाही असे काही करता येईल का पाहा. आजचा ठसा भिंतीला उलटा टेकवून ठेवावा, दुसऱ्या कामाला लागावे, आणि कोणती रेघ काढायला किती त्रास झाला होता हे विसरल्यावर तो सरळ करून पाहावा. त्रासाची आठवण असेपर्यंत ती रेघ आपल्याला चांगलीच वाटत राहते.

कागदीहोडी

मी टॅबलेटवर चित्रे काढते आणि ती कोणालाही दाखवत नाही. २०२२ पासून शब्द लिहिले, की काही क्षणांत चित्र तयार करून देणारी साधने सर्वांच्या हाती आली आहेत. तेव्हापासून घरातले विचारतात, की तू तासन्‌तास बसून जे करतेस ते यंत्र लगेच करते, तर मग कशाला बसतेस? याला काय उत्तर द्यावे? आणि दुसरा, साधा प्रश्न: दाखवायची नसलेली डिजिटल चित्रे ठेवावीत कुठे आणि कशी?

तळटीप

पहिल्या प्रश्नावर फार वेळ घालवू नये असे मला वाटते. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा विश्वविजेता कास्पारोव्ह याला हरवले आणि आज मोबाइलमधले प्रोग्रॅमही विश्वविजेत्याहून सरस खेळतात, तरी माणसे बुद्धिबळ खेळायची थांबलेली नाहीत. चित्र हवे असणाऱ्याला यंत्राने पर्याय दिला आहे. ज्याला चित्र काढायचे आहे, त्याचे काम यंत्रामुळे कसे काय हलके होणार? सरळरेघ यांच्या पोटापाण्यावर मात्र त्याचा परिणाम होतो, आणि तो विषय गंभीर असला तरी वेगळा आहे.

सरळरेघ

होतो, आणि चांगलाच होतो. पण तो येथे काढत नाही. कोरीव यांचे पोपविषयीचे म्हणणे मला पटले. संपादकाशी वाद घालून मी जितके शिकलो, तितके कोणत्याही आकड्याने मला शिकवले नाही. तरी पोट भरलेल्यांच्या चैनीविषयी मी जे लिहिले, ते मागे घेत नाही. काम बाजूला ठेवून ते पुरते विसरेपर्यंत थांबणे ज्याला परवडते, त्याने ते परवडते एवढे तरी ध्यानात ठेवावे.

कागदीहोडी यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर धंद्यातल्या सवयीने देऊ शकतो. कोणत्याही संकेतस्थळाला कपाट समजू नये. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, ऑर्कुट २०१४ मध्ये. मायस्पेसने २०१९ मध्ये कबूल केले, की सर्व्हर बदलताना त्यांच्याकडची जुनी गाणी, छायाचित्रे आणि व्हिडिओ नष्ट झाले. २००३ ते २०१५ या बारा वर्षांतले लोकांचे काम त्यात गेले. थरांसकटची मूळ फाइल ठेवावीच, पण तिच्या शेजारी पीएनजी किंवा टिफ अशा, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या स्वरूपातली सपाट, म्हणजे सगळे थर एकत्र केलेली, प्रतही ठेवावी, कारण आजचे सॉफ्टवेअर पुढे चालेलच असे नाही. दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे त्या आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

शेवटची सूचना किरकोळ वाटेल, पण मूळ प्रश्नाशी तिचा संबंध आहे. संकेतस्थळावर आपलेच जुने काम आपल्याला गाजलेले आधी आणि दुर्लक्षित नंतर, अशा क्रमाने पाहायची सवय लागते. ते तारखेने लावून, सलग, एकाच आकारात पाहिले, की हात कुठे सुधारला, कुठे एकाच युक्तीवर रेंगाळला, कोणती वाट अर्धवट सुटली हे दिसू लागते. कोरीव यांनी आपले ठसे ओळीने मांडले, तेव्हा काळे भाग वाढत गेल्याचे त्यांना असेच दिसले होते. ती पारख त्यांनी स्वतःच केली होती आणि तिथे कोणताही आकडा नव्हता.

कोरीव

हे खरे आहे, आणि ते माझ्या लक्षात आले नव्हते. आता बारीक रेघांचे, सुटून गेलेले जुने ठसे काढून या क्रमात त्यांच्या जागी लावते. त्यांतल्या दोनतीन तुकड्यांचे कोरीवकाम अर्धेच राहिले आहे. लिनोलियम जुने झाले की कडक होते आणि कोरताना कडा तुटतात, त्यामुळे ते आधी थोडे ऊबेत ठेवावे लागेल.